आधी पुढे, मग वर: स्वतः उठता न येणाऱ्या माणसाला उभं कसं करावं

खुर्चीत बसून वाचत असाल तर आत्ताच एक करून बघा. पाठ सरळ, पावलं जमिनीवर, हात मांडीवर. घरातल्या कुणाला तरी तुमच्या कपाळावर एक बोट टेकवून धरायला सांगा. ढकलायचं नाही, फक्त डोकं पुढे येऊ द्यायचं नाही. आता उठा.

उठता येत नाही. गुडघे धडधाकट, पायांत भरपूर ताकद, तरी एका बोटाने तुम्हाला खुर्चीला खिळवून ठेवलं. बसलेल्या माणसाचं वजन बुडावर असतं. उभं राहायचं तर ते आधी पावलांवर आणावं लागतं, आणि त्यासाठी डोकं नि खांदे पुढे न्यावेच लागतात. बोटाने तेवढीच वाट अडवली.

पक्षाघातानंतर, मांडीचं हाड मोडल्यावर, दीर्घ आजारानंतर किंवा उतारवयात माणसाला स्वतः उठता येईनासं होतं, तेव्हा घरचे आपण काय करतो? त्यांच्या अगदी पुढ्यात चिकटून उभे राहतो, काखेत हात घालतो आणि वर ओढतो. त्यांना पुढे वाकायला जागाच उरत नाही. म्हणजे आपणच ते बोट होतो, आणि मग सगळं वजन आपल्या कमरेवर आलं की वाटतं, यांच्यात काही जीवच उरलेला नाही.

मीही काही आठवडे हेच केलं. आईला डाव्या बाजूचा पक्षाघात झाला होता. रुग्णालयातून सोडताना गोळ्यांच्या वेळा नीट लिहून दिल्या, पण तिला बेडवरून खुर्चीत कसं बसवायचं हे दारातल्या दारात दोन मिनिटांत उरकलं गेलं. थोड्याच दिवसांत तिचा डावा खांदा इतका दुखू लागला की ब्लाऊजमध्ये हात घालताना ती कळवळायची. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी औषधाबद्दल काही विचारण्याआधी एवढंच विचारलं, "उठवताना त्यांना धरता कुठे?" या लेखातलं बरंचसं त्या प्रश्नानंतर शिकलेलं आहे.

एक शब्द आधी सांगून ठेवते. बेडवरून व्हीलचेअरवर, व्हीलचेअरवरून कमोडवर, असं एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर जाण्याला 'ट्रान्सफर' म्हणतात. दिवसातून आठ-दहा वेळा होणारी ही गोष्ट आहे. चुकली तर रुग्णही पडतो आणि सांभाळणाराही अंथरूण धरतो.

## उठण्याच्या आधीचं उठणं

उठणं सोपं की अवघड हे बऱ्याच अंशी उठण्याआधीच ठरलेलं असतं. पहिली गोष्ट, बूड कुठे आहे. पाठीला टेकून खोल बसलेला माणूस पावलांपासून लांब असतो, तेवढं अंतर त्याला जास्त कापावं लागतं. म्हणून आधी एकेक कुल्ला आळीपाळीने पुढे सरकवत बैठकीच्या कडेपर्यंत यायचं. दुसरी गोष्ट पावलांची. ती गुडघ्यांच्या पुढे पसरलेली नसावीत, गुडघ्यांच्या किंचित मागे, खांद्याइतक्या अंतरावर, तळवे पूर्ण टेकलेले असावेत. पाय पुढे ठेवून उठून बघा, म्हणजे फरक तुमच्या मांड्याच सांगतील.

तिसरी गोष्ट बैठकीची उंची, आणि माझ्या मते घरोघरी सर्वांत दुर्लक्षित. मऊ, खोल सोफ्यात गुडघे वर आणि बूड खाली जातं. तिथून वर यायला धडधाकट माणसालाही झोका घ्यावा लागतो. बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि बूड गुडघ्यांपेक्षा जरासं वर राहील, अशी उंची शोधा. हात टेकायला दांडे असलेली, टणक बैठकीची, न हलणारी खुर्ची हवी. नुसती बैठक उंच केल्यावर, ज्यांना दोन माणसं लागत होती त्यांना एकाचा आधार पुरू लागतो, हे मी घरात पाहिलं आहे.

आता उठायचं. हात खुर्चीच्या दांड्यांवर. वॉकर पुढ्यात असला तरी तो धरून स्वतःला ओढायचं नाही, कारण वॉकर वजन वरून झेलायला केलेला असतो, मागे खेचला की तो अंगावर कलंडतो. आधी खुर्चीला रेटून उठायचं, तोल सावरल्यावर एकेक हात वॉकरवर न्यायचा. उठताना नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं. "उठा" म्हणण्याऐवजी "नाक बोटांवर आणा" म्हणून बघा. "उठा" म्हटलं की माणूस मागे ताठ होतो. नाकाचं सांगितलं की आपोआप वाकतो, बूड हलकं होऊन सुटतं, आणि त्यानंतरच पायांनी वर रेटायचं असतं. मी आईला म्हणायची, "आई, वाक, अजून वाक, आता जमीन ढकल."

मोजणं कसं हे दोघांनी आधी ठरवा. 'तीन'वर उठायचं की 'तीन'नंतर, एवढ्या गोंधळानेही तोल जातो.

## काखेत धरायचं नाही, मग धरायचं कुठे?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. बशी इतकी उथळ की चेंडूला जागेवर ठेवतात ते मुख्यतः भोवतालचे स्नायू. पक्षाघातात त्या बाजूचे स्नायू ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही चेंडू खाली घसरू लागतो. अशा खांद्याला काखेतून वर उचललं किंवा हात धरून ओढलं तर सांधा निखळण्याची, भोवतीच्या ऊती फाटण्याची भीती असते. शिवाय काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा तिथेच असतो, त्यावर दाब येतो तो वेगळाच. आईचा खांदा असाच दुखावला होता, आणि तो मी दुखावला होता.

धरायची जागा म्हणजे धड. माणसाच्या वजनाचा मध्य साधारण बेंबीच्या खाली, कमरेच्या आसपास असतो. तिथे हात असला की थोड्या जोरात पुष्कळ काम होतं. यासाठी रुंद, मजबूत कमरपट्टा मिळतो, त्याला 'ट्रान्सफर बेल्ट' म्हणतात. काहींना धरायला कडीही असते. तो कपड्यांवरून, कमरेला, बोटं आत जातील इतपत घट्ट बांधायचा आणि खालून वर हात घालून धरायचा. पोटाची ताजी शस्त्रक्रिया, पोटावर लावलेली मलाची पिशवी किंवा अन्नाची नळी, मोडलेल्या बरगड्या असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधू नका. पट्टा नसला तर एक हात पाठीमागून कमरेच्या पलीकडच्या बाजूवर, दुसरा पुढच्या बाजूने खांद्याच्या जवळ, असं धरता येतं. पायजम्याची नाडी किंवा पँट धरून उचलणं टाळा. ते दुखतं, आणि माणसाला अपमानास्पदही वाटतं.

त्यांचे हात आपल्या गळ्यात? कधीच नाही. घाबरलेला माणूस लटकतो, आणि मग त्याचं सगळं वजन आपल्या मानेवर येतं. हात खुर्चीच्या दांड्यावर, नाहीतर आपल्या दंडावर किंवा कमरेवर राहू देत.

आपण कुठे उभं राहायचं? पुढे वाकायची जागा सोडून, थोडं बाजूला, त्यांच्या कमजोर बाजूला. एक पाऊल पुढे एक मागे, गुडघे सैल, पाठ सरळ. कमजोर पायाचा गुडघा अचानक दुमडत असेल तर आपला गुडघा त्याच्यासमोर हलकेच टेकवून ठेवायचा, दार उघडू नये म्हणून पाय लावतो तसा. अशा वेळी समोरच उभं राहावं लागतं. तेव्हाही आपलं डोकं एका बाजूला ठेवा, म्हणजे त्यांच्या डोक्याला पुढे यायला मार्ग मिळतो.

## "पण मला झेपतं, मी सरळ उचलतो"

हे ऐकू येतंच, विशेषतः तरुण मुलांकडून. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पाण्याने भरलेली बादली अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण कंबर दुसऱ्या वेळी ओरडते. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढत असतात. पुढ्यातलं वजन मणक्यापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर त्या स्नायूंना त्याच्या दहापट जोर लावावा लागतो. १० किलोसाठी १०० किलोइतका. त्यात आपण बेडवर ओणवे असतो, वर अंगाला पीळही देतो. आणि माणूस म्हणजे बादलीही नाही. तो मध्येच घाबरतो, हिसका देतो, पाय सोडतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या 'नायॉश' या सरकारी संस्थेतले थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण उचलण्यासाठी मर्यादा सुचवली, ती होती सुमारे १६ किलो, तीही परिस्थिती अनुकूल असताना. कोणत्याही प्रौढ माणसाचं वजन याच्या कितीतरी पट असतं. आज झेपलं म्हणून कंबर शाबूत आहे असं होत नाही. ती दर खेपेला थोडी थोडी झिजत असते.

दुसरी गोष्ट उचलल्या जाणाऱ्या माणसाची. २००७ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी, वयस्कर स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतल्या स्नायूंचं सरासरी जवळपास १ किलो वजन घटलं. आजारी नसलेल्या माणसांची ही गत. ज्याला आपण प्रत्येक वेळी उचलून ठेवतो त्याच्या पायांना काम उरत नाही. ट्रान्सफर हाच त्याचा दिवसाचा व्यायाम असतो, आणि तो आपण प्रेमापोटी काढून घेतो. त्यांना दहातलं तीनच जमत असेल तर ते तीन त्यांना करू द्या, वेळ लागला तरी.

## झोपलेल्या माणसाला घाईने उभं का करू नये

आडवं असताना रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. उभं राहताच अर्धा ते एक लीटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून ते सावरतं. बरेच दिवस अंथरुणात असलेल्या, मधुमेह किंवा पार्किन्सन असलेल्या, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं शरीर मागे पडतं. उठल्यापासून ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर तो दोष धरतात. घरात तो दिसतो तो डोळ्यांपुढे अंधारी, घाम, फिकट चेहरा किंवा एकदम गप्प होणं अशा रूपांत.

म्हणून मध्ये एक मुक्काम हवा. आधी गुडघे दुमडून त्यांना कुशीवर वळवा. मग पाय बेडच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खांद्याच्या मागे हात घालून धड वर आणायचं, त्यांना खालच्या कोपराने रेटायला सांगत. दोन्ही पायांचं वजन शरीराच्या जवळपास एक तृतीयांश असतं. ६० किलोच्या माणसाचे पाय २० किलोचे! पाय खाली जाताना धड वर यायला मदत करतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. मान किंवा हात धरून उताणं ओढत बसवण्यात ही सगळी फुकटची मदत वाया जाते.

बसल्यावर दोन मिनिटं थांबा. पावलं खालीवर हलवू द्या, पोटऱ्यांच्या स्नायूंनी रक्त वर ढकललं जातं. बोला त्यांच्याशी. उत्तरं नीट येताहेत, चेहऱ्यावर रंग आहे, स्वतःहून तोल सांभाळताहेत, तर पुढे. गरगरत असेल तर परत आडवं करा. त्यात कमीपणा नाही.

## बेडवरून व्हीलचेअरवर

व्हीलचेअर बेडला लागून, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात, त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवा. माणूस चांगल्या पायावर विसंबून वळतो, कमजोर पायावर वळायला लावलं तर तोच पाय पहिल्यांदा दगा देतो. परतीच्या वेळी चांगली बाजू बेडकडे यावी म्हणून खुर्ची दुसरीकडे लावावी लागते. हे विसरलं जातं, आणि संध्याकाळी परत झोपवताना गडबड होते.

दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून खात्री करा. पाय ठेवायच्या पट्ट्या काढून किंवा बाजूला वळवून ठेवा, त्यात पाऊल अडकून पडल्याचे प्रसंग फार. पायांत नुसते मोजे नकोत, घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणं हवीत. लघवीची पिशवी असेल तर नळी कशात अडकणार नाही हे बघा आणि पिशवी मूत्राशयाच्या खालच्याच पातळीवर राहू द्या. फरशी कोरडी, चटई उचललेली.

मग वर सांगितल्याप्रमाणे उठायचं, आणि उठल्यावर थांबायचं. पूर्ण ताठ होईपर्यंत वळायचं नाही. वळताना छोटी छोटी पावलं, त्यांचीही आणि तुमचीही. पावलं जमिनीला चिकटवून कंबर पिळलीत तर तुमचा मणका आणि त्यांचा गुडघा, दोन्हींवर ताण येतो.

बसताना लोक ढिले पडतात, कारण 'झालंच की' असं वाटतं. खरं तर इथेच माणूस खुर्चीच्या कडेवर धप्पकन आदळतो किंवा खुर्ची चुकवतो. दोन्ही गुडघ्यांच्या मागे खुर्ची लागली का, हे त्यांना विचारा. मग एक हात मागे नेऊन दांडा शोधायचा, दुसरा शोधायचा, आणि पुन्हा पुढे वाकून हळूहळू खाली. बसतानाही नाक पुढेच. मागे झुकून बसलं की पाय वजन झेलायचं सोडून देतात.

## "आमच्या माणसाला हे सगळं लागू आहे का?"

सगळं नाही. खुबा बदललेल्या काही रुग्णांना काही आठवडे कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायला मनाई असते. त्यांना उंच बैठक द्यायची, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून ठेवायचा आणि हातांनी रेटून उठवायचं. याउलट छाती उघडून बायपास झालेल्यांना हातांनी रेटायला मनाई असू शकते, तिथे पायांचा आणि पुढे घेतलेल्या झोक्याचा उपयोग करायचा. पायावर किती वजन टाकायचं हे अस्थिरोगतज्ज्ञांनी ठरवलेलं असेल तर ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

पार्किन्सनमध्ये पाय जागीच गोठतात. तेव्हा ओढलं तर माणूस पडतो. थांबा, डावी-उजवीकडे वजन झुलवायला सांगा, लयीत मोठ्याने मोजा, किंवा आपलं पाऊल समोर ठेवून त्यावरून पाय टाकायला सांगा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना समोरून, नजरेच्या पातळीवर येऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि खुर्चीवर हाताने थोपटून दाखवायची. मागून अचानक धरलं तर ते प्रतिकार करतात, आणि आपल्याला वाटतं हट्ट आहे.

आणि पायांवर अजिबात वजन घेता येत नसेल, बसल्याजागी तोलही राहत नसेल, सांगितलेलं कळत नसेल, तर एकट्याने उभं करूच नका. बसता येतं पण उभं राहता येत नाही अशांसाठी सरकफळी असते, बेड आणि व्हीलचेअरमध्ये पूल म्हणून टाकायची. व्हीलचेअरचा त्या बाजूचा दांडा काढून ठेवावा लागतो. तेही जमत नसेल तर झोळीत बसवून उचलणारं यंत्र, म्हणजे 'होइस्ट'. यंत्राने उचललं तर आपली माया कमी पडली असं अनेकांना वाटतं. मला तसं मुळीच वाटत नाही. झोळीत माणूस घाबरत असेल तर त्याचा हात धरायला आपले दोन्ही हात मोकळे असतात.

## पडायलाच लागले तर

झेलून उभं धरायचा मोह आवरा. पडणारं वजन थांबवता येत नाही, त्याचा वेग कमी करता येतो. त्यांना अंगाशी ओढून घ्या, एक पाय मागे टाका, गुडघे वाकवा आणि आपल्या मांडीवरून त्यांना जमिनीवर घसरू द्या. डोकं सांभाळा, बाकी सावकाश.

खाली आल्यावर लगेच उठवू नका. दुखतंय कुठे, डोकं आपटलं का, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का, हे बघा. तसं असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना डोक्याला मार लागला असेल, तर पांघरूण घालून तिथेच राहू द्या आणि वैद्यकीय मदत बोलवा. इजा नसेल आणि त्यांच्यात बळ असेल तर दोन खुर्च्या आणा. त्यांना कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर यायला सांगा. एक खुर्ची समोर ठेवा, तिच्या बैठकीवर दोन्ही हात, चांगल्या पायाचं पाऊल पुढे. त्यांनी रेटून बूड उचललं की दुसरी खुर्ची मागून सरकवा. तुमचं काम खुर्च्या धरण्याचं आणि पुढचं काय ते सांगण्याचं. आई पहिल्यांदा अशी उठली तेव्हा तिला सात-आठ मिनिटं लागली. मधे दोनदा ती त्या खुर्चीवर डोकं टेकून थांबली, आणि मी शेजारी जमिनीवर बसून राहिले.